गाडी दोन इंच वर, डोकं जमिनीवर!

पिकअप म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या उतरवणारा टेम्पो. पण अमेरिकेतला फंडाच वेगळा आहे, बॉस! तिथे ऑफिसला जायला पिकअप, मुलांना शाळेत सोडायला पिकअप आणि वीकेण्डला अख्खं घर मागे जोडून डोंगरात जायलाही पिकअपच. फोर्डची एफ-सीरिज १९७७ पासून तिथला सर्वांत जास्त खपणारा ट्रक आहे, यावरून काय ते ओळखा. आणि ट्रक दारात आला की मागोमाग एक खाज येते. तो उंच करण्याची! सस्पेन्शनमध्ये थोडे सुटे भाग घालायचे आणि गाडी जमिनीपासून वर उचलायची, याला म्हणतात लिफ्ट.

उंच गाडी जाम भारी दिसते, यात वादच नाही. पण तिच्या मागे सव्वादोन टनांचा ट्रेलर असेल तर? मग उंचीचा हा खेळ टशनचा राहत नाही, हिशेबाचा होतो. गेल्या सप्टेंबरात मी डेन्व्हरला मावसभावाकडे गेले होते. तेव्हा हा हिशेब मी वहीपासून पान्ह्यापर्यंत, सगळा जवळून पाहिला.

पस्तीस इंची स्वप्न

आमचा दादा सॉफ्टवेअरवाला. आठवडाभर मीटिंगा, शुक्रवारी संध्याकाळी एफ-१५० ला ट्रेलर जोडायचा आणि वहिनी, दोन मुलं, झालंच तर थालीपिठाची भाजणी घेऊन रॉकी पर्वतात पळायचं, हा त्याचा शिरस्ता. प्रॉब्लेम एकच. कॅम्पिंगच्या चांगल्या जागा जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवर. तिथे ट्रकचा पुढचा बंपर आणि पायऱ्या खडकांना घासायला लागल्या होत्या.

दादाच्या डोक्यात होती सहा इंचांची लिफ्ट आणि पस्तीस इंची टायर. फोटो बघितले तर खरंच खल्लास! पण वहिनीने एकच प्रश्न विचारला, ‘मागच्या सीटवर माझी मुलं असतात आणि त्यांच्या मागे ट्रेलर. एवढी उंच गाडी घाट उतरताना कशी वागेल?’ दादा गप्प. मग तो वही घेऊन बसला. इंजिनीअर माणूस, शेवटी आकड्यांनाच मानतो.

दारातलं स्टिकर

अमेरिकेत प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हर बाजूच्या दारापाशी एक स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून या गाडीत जास्तीत जास्त किती वजन चालेल, ते त्यावर छापलेलं असतं. दादाच्या ट्रकचा आकडा साधारण ७५० किलो. मला वाटलं, हत्ती बसेल यात! पण वजाबाकी सुरू झाली. घरातली चार माणसं २५० किलो. ट्रंका, कूलर, जनरेटर असं मागच्या हौद्यातलं सामान ११५. ट्रेलर जोडायचा भक्कम हिच ४०. आणि खरी गंमत पुढेच. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार त्याच्या दांड्यातून थेट ट्रकच्या शेपटीवर येतो. दादाचा ट्रेलर भरल्यावर २२५० किलोचा, म्हणजे १२ टक्क्यांनी झाले २७०. बेरीज ६७५. उरले फक्त ७५ किलो!

‘पण दादा, लिफ्ट केल्यावर जास्त वजन पेलेल ना?’ मी विचारलं.

‘अजिबात नाही. स्टिकरवरचा आकडा लिफ्टने वाढत नाही. उलट किटचं आणि मोठ्या टायरचं वजन त्या पंचाहत्तरातूनच जातं,’ दादा म्हणाला.

दुसरा धक्का. मोठे टायर घातले की इंजिनाला तेच चाक फिरवायला जास्त जोर लागतो. चढावर ट्रेलर ओढताना नेमकं तेच महाग पडतं. उंचीमुळे गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो तो वेगळाच. आणि तिसरी गोष्ट ऐकून तर मी उडालेच. मागच्या ॲक्सलचा गोळा, म्हणजे ट्रकचा सर्वांत खाली लोंबणारा भाग, तो सस्पेन्शनच्या लिफ्टने एक सूतही वर जात नाही! ॲक्सल चाकांनाच जोडलेला असतो, त्यामुळे तो फक्त टायर मोठे केले तर वर जातो. लिफ्टने वर येते ती चासी, बंपर आणि पायऱ्या. दादाच्या गाडीचं घासत काय होतं? बंपर आणि पायऱ्या. मग काय, सहा इंच कॅन्सल. पुढे दोन इंच, मागे एक इंच आणि टायर जुन्याच साइझचे!

मागे एक इंच कशाला?

बरेच जण फक्त पुढची बाजू उचलतात. कंपनीतून ट्रक येतो तेव्हा त्याची मागची बाजू थोडी वर असते. पुढून उचलला की तो एका रेषेत, एकदम स्मार्ट दिसतो. पण कंपनीने शेपूट वर ठेवलेली असते ती ओझ्यासाठी. सामान भरलं, ट्रेलर जोडला की मागचा भाग दबतो आणि गाडी सरळ होते. रिकामी असतानाच सरळ केलेली गाडी ओझ्याखाली नाक वर करते. मग पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो, स्टीअरिंग हलकं पडतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. मुद्दाम नाक वर, शेपूट खाली ठेवण्याची ‘कॅरोलायना स्क्वॉट’ नावाची फॅशन तिथे निघाली होती. तिच्यावर नॉर्थ कॅरोलायनाने २०२१ मध्ये, व्हर्जिनियाने २०२२ मध्ये आणि साउथ कॅरोलायनाने २०२३ मध्ये कायद्यानेच बंदी आणली. म्हणून दादाने मागेही एक इंच दिला.

शनिवार, गॅरेज आणि मी

माझं काम टॉर्च धरण्याचं आणि चहा करण्याचं. ट्रक जॅकवर चढवून दादाने चासीखाली स्टॅण्ड लावले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, हा पहिला नियम. पुढची चाकं काढली, जोड सुटे केले आणि स्प्रिंग व शॉकॲब्सॉर्बर एकत्र असलेला स्ट्रट अख्खाच्या अख्खा बाहेर घेतला. त्याच्या डोक्यावर धातूची जाड चकती बसवली. ही चकती दोन इंचांची नव्हती, साधारण निम्मीच होती! स्ट्रट चाकापासून आत, आडव्या दांड्याच्या मध्यावर कुठेतरी टेकलेला असतो, त्यामुळे वरचा एक इंच चाकाशी जवळजवळ दोन होतो. शाळेतली तरफ आठवते? तीच ही.

या पद्धतीत दाबलेली स्प्रिंग उघडावी लागत नाही. काही किटमध्ये चकती स्प्रिंगच्या आत बसते. त्यासाठी स्प्रिंग दाबून धरावी लागते आणि ती सटकली तर माणूस जायबंदी होऊ शकतो. ‘ते काम असतं तर मी सरळ वर्कशॉपला दिलं असतं,’ दादा म्हणाला.

मागे लीफ स्प्रिंग, म्हणजे आपल्या टेम्पोला असतात तसे पाटे. पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये बसतो तो ठोकळा एक इंचाने उंच घेतला. एकावर एक ठोकळे रचायचे नाहीत आणि जुने यू-बोल्ट परत वापरायचे नाहीत, हे दादाने मला दोनदा सांगितलं. ब्रेकच्या नळ्या आणि चाकाजवळच्या सेन्सरच्या वायरी ताणल्या जात नाहीत ना, ते तपासलं. रबरी बुश असलेले बोल्ट शेवटचे आवळले ते गाडी चाकांवर उतरवल्यावरच. हवेत लटकत असताना आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. सकाळी नऊला सुरू केलेलं काम संध्याकाळी सहाला संपलं. दादा काळाकुट्ट, पण खूश!

खरी परीक्षा

सोमवारी गाडी अलाइनमेंटला गेली. लिफ्टनंतर चाकांचे कोन बदलतात. ते तसेच सोडले तर टायर एका बाजूने झिजतात आणि हायवेवर गाडी भरकटते. तिथेच हेडलाइट खाली केले आणि लेन पाळणारा कॅमेरा नव्याने कॅलिब्रेट करून घेतला. घरी येऊन दादाने हिचचा बॉल एक इंचाने खाली घेतला, कारण ट्रेलर रस्त्याशी समांतर राहायलाच हवा. मग टेप घेऊन पुढच्या चाकावरच्या पत्र्याची उंची मोजली, ट्रेलर जोडण्याआधी आणि जोडल्यावर. जोडल्यावर नाक वर आलं होतं. मग भार पुढच्या चाकांकडे वाटणाऱ्या हिचच्या दांड्या चढवल्या आणि नाक जवळपास पहिल्या जागी आलं.

शुक्रवारी आम्ही आय-७० हायवेने पश्चिमेला निघालो. १९७३ मध्ये खुला झालेला आयझेनहॉवर बोगदा तब्बल ११,१५८ फुटांवर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच! बोगद्यापलीकडे लांबच लांब तीव्र उतार आणि ब्रेक गेलेल्या ट्रकांना चढून थांबण्यासाठी बांधलेले रॅम्प. दादाने टो मोड लावला, खालचा गिअर घेतला आणि ब्रेकवर सतत पाय न ठेवता, ट्रकांच्या रांगेत, कासवाच्या चालीने गाडी उतरवली. ट्रेलरने एकदाही शेपूट हलवली नाही. मागे मुलं ढाराढूर झोपलेली. वहिनीने डबा उघडला आणि मला थालीपीठ दिलं, म्हणजे परीक्षा पास! पुढे कच्च्या रस्त्यावर बंपरही घासला नाही.

आपल्याकडे काय?

आपल्याकडेही २०१६ पासून इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ पासून टोयोटाची हायलक्स आली आहे. थारवाल्यांचं तर विचारूच नका. पण किट मागवण्याआधी थांबा! मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा आधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारा, मग गॅरेजवाल्याला.

आणि तुमचा एखादा भाऊ, मित्र परदेशात ट्रक घेऊन बसला असेल, तर त्याला ही चेकलिस्ट पाठवा:

• आधी दारातलं स्टिकर वाचा. दांड्याचा भारही त्यातच मोजा.
• नेमकं काय घासतंय ते बघा, मगच इंच ठरवा.
• ट्रेलर ओढणार असाल तर फक्त पुढची बाजू उचलू नका.
• अलाइनमेंट, हेडलाइट आणि बॉलची उंची, तिन्ही झाल्याशिवाय ट्रेलर जोडू नका.
• पाचेकशे मैलांनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा.
• पहिली फेरी रिकाम्या मैदानात मारा, घाटात नाही.