खांदा दुखायचा थांबला, म्हणजे बरा झाला का?

सुरतेला तापी आहे, मगदल्ल्याची खाडी आहे, डुमस-हजिऱ्याचा समुद्र आहे. आपल्यातली काही पोरं-पोरी चोरवाड-वेरावळ किंवा मालवणच्या चिवला बीचवरच्या सागरी जलतरण स्पर्धांची तयारी करतात. पोहणाऱ्यांची नेहमीची तक्रार म्हणजे खांदा. आज त्याबद्दल.

दुखतं का?
खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला चेंडू. तो जागेवर धरतात चार लहान स्नायू. डॉक्टर त्यांना रोटेटर कफ म्हणतात. हात डोक्यावरून पुढे टाकला की वरच्या स्नायूची दोरी, म्हणजे कंडरा, हाडाच्या छपराखालून सरकते. फ्रीस्टाइलमध्ये एक किलोमीटर पोहायला दोन्ही हातांचे मिळून साधारण आठशे ते हजार हात मारावे लागतात. स्नायू थकले की चेंडू किंचित वर सरकतो, कंडरा घासते आणि सुजते. कॅनडाच्या केनेडी आणि हॉकिन्स या डॉक्टरांनी 1974 साली याला 'स्विमर्स शोल्डर' म्हटलं. त्यात दिवसभर जाळं ओढलं असेल, तर त्याच खांद्यावर दुहेरी भार.

सावरायचं कसं?
1. हात गळ्यात अडकवून महिनाभर बसायचं नाही, त्यानं सांधा आखडतो. डोक्यावरून हात टाकणं मात्र बंद. खांद्याच्या खालची हलकी कामं चालतात.
2. दुखणं उतरलं की ताकदीचे व्यायाम. कोपर कमरेला चिकटवून रबरी पट्टा बाहेर ओढायचा. पट्टा खिडकीच्या गजाला बांधून मागे ओढायचा, म्हणजे पाठीचं पातं मजबूत होतं. कोणता व्यायाम किती, हे फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.
3. पाण्यात परतताना आधी फक्त पाय मारा, हात अंगालगत. हात लांब करून फळी धरली की खांद्यावर ताण येतो, म्हणून ती नको. मग थोडं अंतर, सावकाश. आधी अंतर वाढवा, वेग नंतर. हाताला लावायचे पॅडल सगळ्यात शेवटी.

अमेरिकेची नताली कॉफलिन शाळेत असताना, 1999 मध्ये, तिच्या खांद्यातली लॅब्रम नावाची कडा फाटली. तिनं ऑपरेशनऐवजी व्यायामाचा रस्ता धरला. पुढे 2004 ते 2012 या तीन ऑलिंपिकमध्ये मिळून तिनं 12 पदकं घेतली. सगळ्यांना असंच जमेल असं नाही, पण दुखापत म्हणजे पोहणं संपलं असंही नाही.

खरा धोका इथे आहे
दुखणं आधी थांबतं, ताकद मागाहून येते. मधल्या आठवड्यांत माणूस फसतो. तलावात खांदा दुखला तर काठ धरता येतो. सिंगणपूरच्या कॉजवेच्या खाली तापीला भरती-ओहोटी लागते, उधाणाला ओढ जबरदस्त असते. तिथे मध्यावर हात उचलेनासा झाला तर थांबायची सोय नाही. पावसाळ्यात उकाईचं पाणी सुटलं की विचारूच नका. म्हणून नियम साधा: आधी तरण तलाव. तिथे ठरलेलं अंतर न दुखता आणि दुसऱ्या दिवशी न ठणकता जमलं, असं काही आठवडे झालं, की मग उघडं पाणी. तेही भांगाच्या दिवसांत, सोबत होडी घेऊन.

पोहताना थोडं जाणवलं आणि बाहेर आल्यावर गेलं, तर तिथेच थांबा, आणखी वाढवू नका. रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, तर दोन पावलं मागे या. गोळी खाऊन पोहणं तर नकोच. गोळी दुखणं झाकते, कंडरा जोडत नाही.

लगेच डॉक्टर कधी?
खांदा निखळला, पडल्यावर हात उचलता येईना, हाताला मुंग्या किंवा बधिरपणा आला, ताप येऊन सांधा गरम झाला, तर थांबू नका. निखळलेला खांदा होडीवर कुणी ओढून बसवू नये, नस दुखावू शकते. हात झोळीत घ्या आणि दवाखाना गाठा. मजुरा गेटचं न्यू सिव्हिल आणि उमरवाड्याचं स्मीमेर, दोन्हीकडे हाडांचा विभाग आहे. साखरेचा आजार असेल तर खांदा आखडण्याचा धोका जास्त, तेही डॉक्टरांना सांगा.

कोवळ्या वयात निखळलेला खांदा पुन्हा निखळायची शक्यता मोठी असते. त्यामुळे पोरगं म्हणालं "आता बरं आहे", तरी व्यायाम पूर्ण करून घ्या. घरात, होडीवर कुणाचा खांदा दुखत असेल, त्याला हे जरूर वाचून दाखवा.