आवाजही सोबत न्या

पनवेलला आमच्या मोहल्ल्यात कुणी नवं सिमकार्ड घ्यायला निघालं की पहिला प्रश्न ठरलेला: घरात रेंज कुणाची येते? प्रश्न रास्तच आहे. पण परदेशातून सुट्टीवर आलेली मुलं भलतंच विचारतात, “चाचा, इथे व्हिज्युअल व्हॉइसमेल कोण देतं?”

फोन उचलला नाही तर निरोप ध्वनिमुद्रित होतो, तो व्हॉइसमेल. पूर्वी नंबर फिरवून सारे निरोप ओळीने ऐकावे लागत. २००७च्या आयफोनने त्यांची यादीच पडद्यावर मांडली. हवा तो आधी ऐका. मात्र त्याला कंपनीच्या यंत्रणेचीही साथ लागते. म्हणून दुकानदाराला नव्हे, कंपनीला विचारावं.

आपल्याकडे हे फारसं रुजलं नाही. माझ्या मते कारण एकच, मिस्ड कॉल! तो फुकट, निरोप ठेवायला पैसे. २०१३मध्ये व्हॉट्सअॅपवर आवाजी निरोप आले आणि उरलीसुरली गरजही भागली.

२० जानेवारी २०११पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. जुन्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत. इंग्रजीत ‘पोर्ट’ आणि पुढे आपला नंबर लिहून १९००वर एसएमएस करायचा. नंबर सोबत येतो, पण जुन्या कंपनीच्या पेटीतले व्हॉइसमेल येत नाहीत. त्यात एखाद्या गेलेल्या माणसाचा आवाज असू शकतो. तो आधी फोनमध्ये किंवा संगणकावर उतरवून घ्या, एकदा ऐकून खात्री करा, मगच एसएमएस पाठवा.