मेण लावायचं ते खरवडण्यासाठी

कोकणातून बर्फाकडे : भाग 6

गुलमर्गला किंवा औलीला पहिल्यांदा स्कीइंग शिकायला जाणाऱ्याला स्कीच्या तळाशी काही घेणंदेणं नसतं. संस्थेची किंवा भाड्याच्या दुकानातली जोडी सकाळी मिळते, संध्याकाळी परत जाते. तिला मेण कोण लावतं, कधी लावतं, हे त्याच्या नजरेस पडतच नाही. मागच्या भागात आपण वापरलेली जोडी विकत घेताना काय तपासायचं ते पाहिलं. ती जोडी पेण-रोह्याकडच्या घरात आली की हे काम आपल्या गळ्यात पडतं. तिथल्या रामवाडीत स्कीचं दुकान नाही, पण त्यावाचून अडतही नाही. जुनी इस्त्री, मेणाची वडी, ॲक्रिलिकची पट्टी आणि मोकळी सकाळ एवढ्यावर भागतं.

स्की सरकते कशावर?

कोरड्या बर्फावर नव्हे, पाण्यावर. 1939 मध्ये बाऊडन आणि ह्यूज या केंब्रिजच्या संशोधकांनी स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोखच्या बर्फात प्रयोग केले आणि घर्षणाच्या उष्णतेने बर्फाचा वरचा पापुद्रा वितळतो, हे दाखवून दिलं. त्याआधी बर्फ वजनाच्या दाबाने वितळतो असं समजलं जाई. पाण्याचा हा थर अगदी पातळ असतो. तो कमी पडला तर बर्फाचे कण तळाला ओरखडतात, जास्त झाला तर तळ बर्फाला चिकटल्यासारखा ओढला जातो. मेण दोन्हीकडून मदत करतं. ते पाण्याला धरून ठेवत नाही आणि त्याचा कडकपणा योग्य असला तर बर्फाचे टोकदार कण तळात रुतत नाहीत.

आजच्या स्कीचा तळ पॉलिइथिलीनचा असतो. या प्लॅस्टिकमध्ये घट्ट रचलेल्या भागांच्या मधे सैल भाग असतात, आणि गरम मेण जिरतं ते तिथे. कॅरमवर टाकलेली बोरिक पावडर फळी आणि सोंगटीच्या मधे राहूनच काम करते. स्कीचं गणित उलटं आहे : तळात जिरलं तेवढं मेण उपयोगाचं, वर साचलं ते अडथळ्याचं. म्हणून लावलेलं बहुतेक सगळं मेण आपण काढून टाकतो. नवशिक्याला हे पटायला वेळ लागतो. एवढं महागाचं मेण खरवडून फेकायचं, या विचाराने हात आखडतो आणि नेमकं तिथेच काम बिघडतं.

मेण कोणतं?

कडाक्याच्या थंडीत बर्फाचे कण टणक आणि अणकुचीदार असतात, त्यांना कडक मेण लागतं. ओलसर बर्फाला मऊ मेण. कंपन्या वड्यांना त्याप्रमाणे रंग देतात. स्विक्स कंपनीच्या रंगांत हिरवं सर्वांत थंड बर्फासाठी, मग निळं, जांभळं, लाल आणि पिवळं सर्वांत उबदार बर्फासाठी. जानेवारीत गुलमर्गच्या वरच्या उतारांवर निळं चालेल. मार्चच्या दुपारी औलीत तेच मेण स्कीला ओढ लावेल. पहिल्या वर्षी या फंदात न पडता सर्व हवामानांत चालणारी युनिव्हर्सल वडी घ्यावी.

जुन्या सामानात ‘एचएफ’ किंवा ‘एलएफ’ छापलेली वडी मिळाली, तर ती फ्लोरिनची. ती वापरू नये. ही रसायनं माती-पाण्यातून वर्षानुवर्षं जात नाहीत. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने 2023-24 च्या हंगामापासून आपल्या स्पर्धांत त्यांच्यावर बंदी घातली आहे.

मेणबत्ती चालेल का, हा हमखास येणारा प्रश्न. मेणबत्तीतलं पॅराफिन स्कीच्या मेणातही असतं. अडीअडचणीला तळावर घासली तर चार-दोन उतार निभावतात. पण ती बर्फाच्या तापमानाला जुळवलेली नसते आणि नुसती घासल्याने आतही जिरत नाही.

लावणं

स्की तळ वर करून दोन स्टुलांवर किंवा टेबलावर घट्ट बसवा. बाइंडिंगच्या (बूट स्कीला जोडणाऱ्या पकडीच्या) ब्रेकचे पाय तळाच्या वर येतात, ते जाड रबराने मागे ओढून बांधा. ओल्या फडक्याने धूळ पुसा आणि तळ पूर्ण कोरडा होऊ द्या. आपल्याकडच्या दमट हवेत एवढ्यासाठी पंख्याखाली अर्धा तास ठेवणं बरं.

इस्त्री साधी घ्यावी, वाफेची नको, कारण वाफेच्या भोकांत मेण भरतं. एकदा या कामाला लावलेली इस्त्री पुन्हा कपड्यांना लावायची नाही. इस्त्रीच्या चकतीवर एका ठिपक्याला साधारण 110 अंश तापमान असतं, दोन ठिपक्यांना 150. आपल्याला त्यांच्यामधलं, पण एका ठिपक्याच्या जवळचं हवं. घरगुती इस्त्रीचं तापमान खालीवर होत राहतं, म्हणून डोळा धुरावर ठेवायचा. मेणाचा धूर निघाला की इस्त्री जास्त तापली. तळाचं पॉलिइथिलीन 130-135 अंशांच्या आसपास वितळू लागतं. जास्त तापलेली इस्त्री एका जागी थांबली, तर तळ कायमचा बिघडतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

वडी इस्त्रीला टेकवून तळावर थेंब पाडत जा. मग इस्त्री टोकाकडून शेपटीकडे एकसारखी सरकवा. मागे काही इंच ओल्या मेणाचा पट्टा चमकत राहिला, तर वेग बरोबर. दोन-तीन फेऱ्या पुरेत. मग स्की थंड होऊ द्या. थंड देशांत अर्धा-पाऊण तास पुरतो, आपल्याकडे जास्त वेळ द्यावा. एप्रिल-मेमध्ये तर संध्याकाळी मेण लावून पहाटे खरवडणं सोयीचं. दुपारच्या उकाड्यात मेण मऊच राहतं आणि सुटे तुकडे न निघता फासलं जातं.

खरवडणं

स्क्रेपर म्हणजे 4-5 मिलिमीटर जाडीची ॲक्रिलिकची पट्टी. नामफलक बनवणाऱ्याकडून तळहाताएवढा तुकडा कापून मिळतो. तिची कड सरळ आणि धारदार हवी. सपाट लाकडावर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर ती काटकोनात घासावी. धातूची पट्टी नवशिक्याने टाळावी, तिने तळच सोलला जातो.

आधी पोलादी कडांवर साचलेलं मेण काढा. मग पट्टी दोन्ही हातांत धरून, किंचित कलवून, टोकाकडून शेपटीकडे लांब हात मारा. एकदाच जोर लावण्यापेक्षा हलक्या हाताने अनेकदा. पट्टीला मेण लागेनासं झालं की ताठ नायलॉनच्या ब्रशने त्याच दिशेने घासा. तळावर पाणी निघून जाण्यासाठी बारीक रेघा कोरलेल्या असतात. मेणाने त्या बुजलेल्या राहिल्या, तर मेण लावल्याचा अर्धा फायदा गेला. ब्रशने त्या मोकळ्या होतात. खाली पडलेला कीस वर्तमानपत्रात गोळा करून कचऱ्यात टाका. मोरीत गेला तर पावसाच्या पाण्याबरोबर तो भोगावती किंवा कुंडलिका नदीत पोचणार.

पुन्हा मेण कधी लावायचं, ते तळच सांगतो. कडांच्या लगत तो पांढुरका, कोरडा दिसू लागला की वेळ झाली.

पावसाळ्याचा थर

इथवरचं सगळं जगातल्या कुठल्याही स्कीच्या माहितीत सापडेल. रामवाडीतल्या घराला लागू पडणारी गोष्ट वेगळी आहे. गुलमर्गचा हंगाम डिसेंबरअखेरीस सुरू होतो आणि मार्च-एप्रिलमध्ये आटोपतो. आपली स्की बर्फावर असते ते काही दिवस, आणि बाकीचं वर्ष कोकणात. त्यात चार महिने पाऊस. अशा हवेत पोलादी कडा गंजायला आठवडाही फार होतो. म्हणून कोकणातल्या स्कीचं सर्वांत महत्त्वाचं मेण हंगामाआधीचं नाही, हंगामानंतरचं आहे.

परत आल्यावर तळ पुसा, कडांवर गंजाचे ठिपके असतील तर बारीक पॉलिश पेपरने काढा, पूर्ण वाळवा आणि नेहमीपेक्षा जाड थर लावा, कडांवरूनही ओघळू द्या. हा थर खरवडायचा नाही. तो हवा आणि ओल बाहेर ठेवतो. स्की प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळू नका, आतली ओल आतच राहते. जमिनीपासून वर, हवा खेळेल अशा जागी आडवी ठेवा. पत्र्याखालचा माळा मात्र नको, मेमध्ये तिथे मेण पाझरतं.

डिसेंबरमध्ये निघतानाही घाई करून हा थर काढू नका. पनवेल, विमानतळ, श्रीनगर, टंगमार्ग या सगळ्या प्रवासात गाडीच्या टपावरची धूळ आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ तो आपल्यावर घेतो. स्क्रेपर आणि ब्रश सामानात टाका आणि गुलमर्गच्या खोलीत खरवडा. तिथल्या थंडीत मेणाचे कोरडे कपचे निघतात, जे काम रामवाडीत अर्धा तास खातं ते तिथे दहा मिनिटांत होतं.

पुढच्या आठवड्यात कडांना धार कशी लावायची ते पाहू : कानस कोणती, कोन किती, आणि नवशिक्याने कुठे थांबावं.