अपरिचित कुलुपाची ओळख

वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकास रानांत एखादें अनोळखी झुडूप आढळलें म्हणजे तो प्रथम त्याचें नांव शोधीत बसत नाहीं. पानांची मांडणी, फुलाच्या पाकळ्या, फळांतील बी हीं तो निरखून पाहतो, आणि नांव मागाहून आपोआप हातीं येतें. युरोपांत कुलुपांचा छंद बाळगणारी जी कांहीं मंडळी आहेत, त्यांची रीतही हीच. जुन्या बाजारांत अथवा पाडलेल्या इमारतीच्या भंगारांत एखादें भारी कुलूप मिळतें. किल्ली हरवलेली असते, नांव झिजलेलें असतें. तें कोणत्या देशाचें, कोणत्या जातीचें व कोणत्या तत्त्वावर चालणारें, हें ठरविण्यांतच या मंडळींस आनंद वाटतो. छंद वरवर पाहतां विचित्र खरा. परंतु त्यापासून संसारी माणसानें शिकण्यासारख्याही गोष्टी आहेत, म्हणून त्याचा थोडा परिचय वाचकांस करून देण्याचें योजिलें आहे.

पहिला पुरावा बाह्य आकृतीचा. युरोपांतील बहुतेक दारांत कुलुपाचे दोन भाग असतात: अडसर सरकविणारी पेटी दाराच्या लांकडांत बसविलेली असते, व किल्ली जींत जाते तें सिलिंडर तींत निराळें घातलेलें असतें. हें सिलिंडर समोरून पाहिलें, तर वर एक वर्तुळ व त्याखालीं गोल टोकाची जिव्हा, अशी आकृति दिसते. जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली वगैरे देशांत तिची उंची ३३ मिलिमीटर व वर्तुळाचा व्यास १७ मिलिमीटर असतो. आकृति हीच, पण वर्तुळ २२ मिलिमीटरांचें भरलें, तर तें स्वित्झर्लंडचें वळण समजावें. स्वीडनकडील सिलिंडर बहुधा लंबवर्तुळाकार असतें. म्हणजे एका साध्या मोजपट्टीनें अर्धा भूगोल उलगडतो! तोंडाशीं कठीण पोलादाचे बारीक ठिपके दिसले, तर भोंक पाडणाराचा विचार कर्त्यानें आधींच केला होता असें समजून, हें कुलूप सामान्य नव्हे, इतकें टिपून ठेवावें.

दुसरा पुरावा किल्लीच्या छिद्राचा. आणि तोच सर्वांत बोलका. कारण छिद्र पाहिलें म्हणजे कुलूप किल्लीजवळ काय मागतें हें कळतें. नागमोडी कडांचें उभें छिद्र असलें व आंत दिव्याच्या उजेडांत पितळी खुंट्यांची एकच रांग दिसली, तर ती अमेरिकेंतील लायनस येल या धाकट्या येलनें १८६० नंतरच्या दशकांत रूढ केलेली परंपरा होय. तेथें किल्लीचे दांते प्रत्येक खुंटी नेमक्या उंचीवर उचलतात. एक केसभर कमी वा अधिक उचलली तरी कुलूप फिरत नाहीं. छिद्र सरळ व सपाट असून खुंट्या निरनिराळ्या बाजूंनीं डोकावत असल्या, तर किल्लीस दांते नसून तिच्या पृष्ठावर खळगे असणार. ही कल्पना झुरिक येथील काबा या कारखान्यानें १९३४ सालीं प्रचारांत आणली. हें नांव मूळ बावर यांच्या तिजोऱ्यांच्या कारखान्याच्या जर्मन नांवाचा संक्षेप होय. ही किल्ली उलट घातली काय वा सुलट घातली काय, सारखीच चालते.

छिद्र अर्धचंद्रासारखें असलें, तर दृष्टि फिनलंडकडे वळवावी. एमिल हेन्रिक्सन नांवाच्या कारागिरानें १९०७ सालीं असें कुलूप योजिलें, कीं ज्यांत खुंट्या नाहींत व स्प्रिंगाही नाहींत. आंत चकत्यांची चळत असते. किल्लीवरील तिरप्या खांचा प्रत्येक चकतीस निरनिराळ्या कोनांत फिरवितात, व सर्व चकत्यांच्या खांचा एका ओळींत आल्या म्हणजे बाजूची सळी त्यांत उतरते आणि कुलूप मोकळें होतें. स्प्रिंग नसल्यामुळें बर्फ व धूळ यांचा त्यास फारसा उपद्रव होत नाहीं. त्याचें 'अब्लॉय' हें नांव ज्या संक्षेपांतून झालें, त्यांत 'लुक्को' हा फिनिश शब्द आहे. त्याचा अर्थच कुलूप! छिद्र रोमन एच अक्षरासारखें असलें, तर पॅरिसच्या फिशे या घराण्याचा संशय घ्यावा. अलेक्झांडर फिशे यानें तेथें १८२५ सालीं आपलें दुकान थाटलें होतें.

कधीं कधीं मात्र डोळेही पुरत नाहींत. व्हिएन्नाचा एव्हा हा कारखाना १९१९ सालचा. त्याच्या एका जातीच्या किल्लींत बारीक चुंबकीय चकत्या बसविलेल्या असतात. किल्लीचें पातें होकायंत्राजवळ नेलें असतां सुई हलली, म्हणजे गुपित बाहेर पडतें.

आणि कुलुपावर कोरलेलें नांव? तें सर्वांत शेवटीं वाचावें. तें कधीं दार करणाराचें असतें, कधीं विकणाराचें. आणि पेटंटाची मुदत संपली म्हणजे एकाची आकृति दुसरा खुशाल उचलतो. नांव फसवील, तत्त्व फसवीत नाहीं.

येथें कोणी विचारील, कीं ही तर चौर्यविद्याच नव्हे काय? शूद्रकाच्या मृच्छकटिकांतील शर्विलकही शास्त्र जाणणारा होता, आणि त्यानें आपलें यज्ञोपवीत भिंतीस भोंक पाडतांना मोजण्याच्या दोरीप्रमाणें वापरलें! शंका रास्त आहे, व तिचें उत्तर इतिहासानें दिलें आहे. लंडनमध्यें जोसेफ ब्रामा याचें १७८४ सालीं पेटंट झालेलें कुलूप दुकानाच्या खिडकींत मांडलेलें असे, व किल्लीवांचून उपकरणानें तें उघडणारास दोनशें गिनी देण्याचें आव्हान त्यावर लिहिलेलें असे. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वेळीं आल्फ्रेड हॉब्स हा अमेरिकन गृहस्थ तेथें आला. त्यानें चब यांचें प्रख्यात कुलूप सुमारें २५ मिनिटांत उघडलें, व ब्रामाचें १६ दिवसांत मिळून ५१ तासांनीं. लोक अस्वस्थ झाले. परंतु त्या अस्वस्थतेपोटींच कारखानदारांनीं आपलीं कुलुपें सुधारलीं. दोष झांकल्यानें चोराचें कांहींच अडत नाहीं. घरधनी मात्र अंधारांत राहतो.

भेद विद्येंत नाहीं, मर्यादेंत आहे. जर्मनींत या छंदाचें मंडळ १९९७ सालीं स्थापन झालें. छंदी मंडळींत सामान्यतः दोन नियम मानले जातात: जें आपलें नाहीं त्या कुलुपास हात लावूं नये, आणि आपलें असलें तरी जें दारावर रोजच्या वापरांत आहे त्यावर प्रयोग करूं नये. शर्विलकानें शास्त्र सोडलें नव्हतें. त्यानें हा दुसऱ्याच्या उंबरठ्याचा मान सोडला होता.

आपल्याकडील नव्या इमारतींच्या दारांवरही युरोपीय आकृतीचीं सिलिंडरें आतां दिसूं लागलीं आहेत; म्हणून गृहस्थांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. एक, किल्लीचें चित्र म्हणजे किल्लीच. २००८ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनीं, दूरवरून घेतलेल्या छायाचित्रावरून तशीच दुसरी किल्ली करतां येते, हें सिद्ध केलें. नव्या घराच्या आनंदांत मुलेंबाळें किल्ली हातांत धरून छायाचित्र काढतात व तें चारचौघांस पाठवितात. त्यांस प्रेमानें आवरावें. दुसरी, उंची कुलुपाबरोबर बहुधा एक ओळखपत्र येतें, व तें दाखविल्यावांचून अधिकृत कारागीर दुसरी किल्ली करून देत नाहीं. एकत्र कुटुंबांत किल्ल्या पांच हातांत जातात. हें पत्र मात्र एकाच जबाबदार हातांत असावें, आणि किल्ली कोणाकोणाजवळ आहे याची नोंद त्याच्या पाठीशीं करून ठेवावी. उत्तम पोलादानेंही जें काम होत नाहीं, तें ही दोन ओळींची नोंद करते.