एका दिवसाचे दोन व्हिप

३ जुलै २०२२, रविवार. विधानसभेच्या दोन दिवसांच्या विशेष अधिवेशनाचा पहिला दिवस. नाना पटोले यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये राजीनामा दिल्यापासून रिकामं राहिलेलं अध्यक्षपद भरायचं होतं आणि आसनावर उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ होते. आवाजी मतदानावर भागलं नाही, पोल झाला. विधानसभेतला पोल म्हणजे शिरगणती: एकेक सदस्य उभा राहतो, नाव आणि क्रमांक सांगतो, खाली बसतो. प्रताप सरनाईक उभे राहिले तेव्हा समोरच्या बाकांवरून ‘ईडी, ईडी’ असा गलका उठला. मोजणी संपली, राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध राजन साळवी १०७ असा निकाल लागला. शिवसेनेच्या काही सदस्यांनी पक्षादेश मोडून मतदान केल्याच्या पत्राची नोंद झिरवाळ यांनी कामकाजात घेतली. थोड्याच वेळात नवे अध्यक्ष आसनावर बसले आणि त्यांनी दुसरं पत्र नोंदीवर घेतलं. शिवसेनेच्याच १६ सदस्यांनी पक्षादेश मोडला, असं त्यात म्हटलं होतं. एकच पक्ष, एकच धनुष्यबाण, एकच मतदान. आणि कामकाजाच्या नोंदीप्रमाणे त्या पक्षाचा जवळजवळ प्रत्येक आमदार कुणाचा ना कुणाचा व्हिप मोडून बसलेला. पहिल्या पत्रामागचे प्रतोद दिंडोशीचे सुनील प्रभू, दुसऱ्यामागचे महाडचे भरत गोगावले.

रायगडच्या आतल्या पट्ट्यात, महाड-पोलादपूरकडे, ‘भरतशेठ’ हे नाव २००९ पासून मतपत्रिकेवर निवडून येत आहे. प्रतोद या पदाचं नाव मात्र तिथल्या बहुतेक मतदारांनी त्या जून-जुलैतच पहिल्यांदा कानांवर घेतलं असेल, आणि त्यात त्यांचा दोष नाही. प्रतोद हा मूळचा पक्षाच्या घरातला माणूस. आज सभागृहात कोणता विषय आहे, मतदान कधी होणार, आपले किती जण हजर हवेत, हे बघणारा. १९८५ मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली आणि या घरगुती माणसाच्या हातात आमदारकी घालवण्याचं हत्यार आलं. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलं आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केलं नाही, तर सदस्य अपात्र ठरू शकतो. तेव्हापासून व्हिप नेमका कुणी काढायचा हा प्रश्न सरकार कुणाचं या प्रश्नाइतकाच मोठा होऊन बसला. २१ जून २०२२ ला एकनाथ शिंदे यांच्यासोबत फुटलेल्या शिवसेनेच्या ३४ आमदारांनी ठराव करून गोगावले यांना प्रतोद केलं, त्यामागचं कारण एवढंच होतं. नार्वेकर निवडून आले त्याच रात्री विधिमंडळाच्या दप्तरी प्रभू गेले आणि गोगावले आले.

दुसऱ्या दिवशी, ४ जुलैला, विश्वासदर्शक ठराव मांडताना सुधीर मुनगंटीवार यांच्यासोबत नाव गोगावले यांचं होतं. घंटा वाजून लॉबीचे दरवाजे बंद झाले आणि अशोक चव्हाण, विजय वडेट्टीवार यांच्यासारखे मुरलेले काँग्रेस आमदार बाहेर राहिले. शिवसेनेचे संतोष बांगर आदल्या दिवशी एका बाजूला होते, त्या दिवशी दुसऱ्या बाजूला उभे राहिले. १६४ विरुद्ध ९९. ‘ईडी’च्या आरोळ्यांना देवेंद्र फडणवीस यांनी एकनाथ आणि देवेंद्र अशी फोड करून उत्तर दिलं, बाकं वाजली. त्यानंतर महाडच्या आमदाराने उद्धव ठाकरे यांच्या बाजूच्या १४ आमदारांना अपात्र करण्याची मागणी केली. आदित्य ठाकरे यांना बाळासाहेबांविषयीच्या आदरापोटी त्यातून वगळलं, असं सांगण्यात आलं. अपात्रतेसारख्या घटनात्मक शिक्षेत आदरापोटी सूट देता येते, ही गोष्ट त्या गदारोळात फारशी कुणाच्या नजरेत भरली नाही. ती भरायला हवी होती, कारण व्हिप हा कायदा आहे की मर्जी, याचं उत्तर तिथेच पडलेलं आहे.

११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की, प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही; म्हणून अध्यक्षांनी गोगावले यांना दिलेली मान्यता बेकायदा होती. पण ठाकरे यांनी बहुमत चाचणीला सामोरं न जाता २९ जूनलाच राजीनामा दिलेला असल्याने जुनं सरकार परत आणता येणार नाही, हेही त्याच निकालात आलं. मूळ पक्ष कोणता हे ठरवून अपात्रतेचा निर्णय करण्याचं काम अध्यक्षांकडेच परत गेलं. १० जानेवारी २०२४ ला अध्यक्षांनी निर्णय दिला: खरी शिवसेना शिंदे यांची, प्रभू यांचं प्रतोदपद २१ जून २०२२ लाच संपलेलं, गोगावले यांची नेमणूक वैध. मग गोगावले यांचा व्हिप मोडणारे ठाकरे गटाचे आमदार अपात्र व्हायला हवे होते. तेही झाले नाहीत, कारण तो व्हिप त्यांच्यावर रीतसर बजावला गेला नव्हता. दीड वर्षाच्या सुनावण्या, चौतीस अर्ज, दोन प्रतोद, आणि अपात्र शून्य. पक्षांतर रोखण्यासाठी केलेल्या कायद्याची याहून कडक परीक्षा कुणी घेऊ शकलं नसतं, आणि त्या परीक्षेत कायदा बसलाच नाही.

इथून दोन वाटा निघतात. एक नेहमीची: कायदा आणखी कडक करा, निर्णय अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्या. असा विचार संसदेने करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये मणिपूरच्या एका प्रकरणात सुचवलंही होतं. सूचना चांगली आहे, पण तिच्यामुळे निकाल देणारा बदलेल, व्हिपचा आवाका तसाच राहील. दुसरी वाट मला अधिक पटते. व्हिप मोडल्याची शिक्षा फक्त सरकारच्या अस्तित्वाशी बांधावी: विश्वास आणि अविश्वासाचा ठराव, आणि अर्थसंकल्पाचं विनियोजन विधेयक. बाकी सगळीकडे आमदाराला त्याचं मत परत द्यावं. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्ये व्हिपची शिक्षा विश्वास-अविश्वासापुरतीच ठेवायला सांगितलं होतं, आणि विधी आयोगाच्या १९९९ च्या अहवालाचा कलही त्याच दिशेने होता. मनीष तिवारी यांनी २०१० मध्ये लोकसभेत तशा आशयाचं खासगी विधेयकही आणलं. अशा विधेयकांचं जे होतं तेच त्याचं झालं.

यावर पहिला आक्षेप असा, की आमदाराला प्रश्न विचारायला व्हिप कुठे अडवतो? तारांकित प्रश्न आहेत, लक्षवेधी आहे, औचित्याचा मुद्दा आहे. खरं आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसटी बससह वाहून गेला, तेव्हा पावसाळी अधिवेशन चालूच होतं, आणि तो विषय सभागृहात उचलायला कुणाच्या परवानगीची गरज पडली नाही. १६५ दिवसांत नवा पूल उभा राहिला, जून २०१७ मध्ये त्यावरून वाहतूक सुरू झाली. पण पूल पडल्यावर बोलणं सोपं असतं. पूल पडण्याआधी त्याच्यासाठी पैसे वळवून घेणं हे सभागृहाचं खरं काम, आणि त्यासाठीचं साधन म्हणजे कपात सूचना. बांधकाम खात्याच्या मागणीतून शंभर रुपये कमी करा, अशी सूचना एखादा सदस्य देतो. शंभर रुपये हे निमित्त. या खात्याने घाटातल्या दरडी, जुने पूल, नदीतला गाळ यांकडे काणाडोळा केला आहे, हे मताने सिद्ध करणं हा हेतू. अशी सूचना एकदा जरी मंजूर झाली तर खात्याचा सचिव सावित्रीच्या पात्रात स्वतः उतरेल. पण ती मंजूर होत नाही, कारण सत्ताधारी बाजूचा सदस्य तिला हात वर करू शकत नाही आणि विरोधकांच्या हातांची बेरीज पुरत नाही. मग सूचना छापल्या जातात, चर्चा होते, वेळ संपतो आणि उरलेल्या मागण्या एका दमात मंजूर होतात.

महाड आणि पोलादपूर हे तालुके या रिवाजाची किंमत चांगली ओळखतात. महाबळेश्वरच्या अंगाने उतरणारी सावित्री पोलादपूरवरून महाडला येते, आणि वर घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असताना खाली खाडीला भरती असली की महाडात पाणी भरतं. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडींनी माणसं गाडली. त्या वर्षीचं पावसाळी अधिवेशन ५ आणि ६ जुलै असं दोन दिवसांत उरकलं होतं. पहिल्या दिवसाची बातमी भाजपच्या १२ आमदारांचं वर्षभरासाठीचं निलंबन ही होती, जे पुढे जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. अधिवेशन लांबलं असतं तर दरड थांबली असती, असा दावा कुणी शहाणा माणूस करणार नाही. पण धोक्याच्या वाड्यांचं स्थलांतर, संरक्षक भिंती, गाळ या गोष्टी वर्षानुवर्षं मागण्यांवरच्या चर्चेत येतात आणि चर्चेतच राहतात, याचं एक कारण त्यांच्यावर कुणाचंही मत कधीच मोकळं नसतं, हे आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. लोक पक्षाला मत देतात, माणसाला नाही. मोकळीक दिली तर रोज एकेक आमदार फुटेल आणि घोडेबाजार सुरू होईल. यातला पहिला भाग अर्धा खरा आहे. पक्षाच्या जाहीरनाम्यात जे आहे त्याच्याशी आमदाराने इमान राखावं, ही अपेक्षा रास्तच. पण एखाद्या विद्यापीठ कायद्याच्या कलमावर किंवा जिल्ह्याच्या पाण्याच्या वाटपावर कुठला जाहीरनामा बोलतो? आणि घोडेबाजाराचं म्हणाल, तर कायद्याने किरकोळ विक्री बंद केली, घाऊक चालू राहिली. एकटा फुटणारा आमदार अपात्र होतो, चाळीस जण एकत्र फुटले की तो ‘खरा पक्ष’ ठरतो. २००३ च्या दुरुस्तीने एक तृतीयांश फुटीची सवलत काढून टाकली. त्याने फूट थांबली नाही, फक्त तिचा आकार वाढला. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०१९ मध्ये सत्ताधारी हुजूर पक्षाच्या २१ खासदारांनी ब्रेक्झिटच्या एका मतदानात पक्षादेश मोडला. पक्षाने त्यांना बाहेर काढलं, त्यांची खासदारकी मात्र शाबूत राहिली. पक्षाने पक्षातून काढावं, मतदारसंघाने मतदारसंघातून. दोन्ही अधिकार एकाच पत्रावर बसवल्याने आपल्याकडे मतदाराचा अधिकार अलगद प्रतोदाच्या खिशात गेला आहे.

मोकळ्या सदस्याने काय साधतं, याचा पुरावा शोधायला महाडकरांना लांब जायला नको. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला: सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा सरकारने नेमलेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव मंजूर झाला, ११ सप्टेंबरला सरकारने खात्यांना तो अंमलात आणण्याची सूचना दिली, आणि १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. बोले मंत्री नव्हते, सरकारच्या बाजूचेही नव्हते. एक सदस्य होते. इथे तिसरा आक्षेप येतो आणि तो बरोबर आहे: ते कौन्सिल काही आजची विधानसभा नव्हे. मताधिकार मूठभरांना होता, कित्येक सदस्य नेमलेले होते आणि ठराव सरकारवर बंधनकारक नव्हता. शिवाय ठरावाने तळं खुलं झालंच नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंसह तळ्यावर जाऊन पाणी प्यावं लागलं. त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, डिसेंबरात कोर्टाची मनाई आली आणि अखेर १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयाने अनादी रूढीचा दावा फेटाळला.

तरीही त्या ठरावाला निव्वळ कागद म्हणता येत नाही. सत्याग्रहींच्या हातात सरकारचा शब्द होता, तो त्या एका दिवसाच्या कामकाजामुळे. आणि बोले तेवढ्यावर थांबले नाहीत. ५ ऑगस्ट १९२६ ला त्यांनी दुसरा ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं पहिला ठराव पाळणार नाहीत, त्यांची अनुदानं बंद करा. पाठपुरावा यालाच म्हणतात. आजच्या विधानसभेत शुक्रवारी अशासकीय कामकाजाची वेळ असते. सदस्य ठराव मांडतो, मंत्री आश्वासन देतात, सदस्य आभार मानून ठराव मागे घेतो. मताला टाकलेला ठराव हरणार हे मांडणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो टाकतच नाही. सरकार पडणार नाही अशा ठरावांवर तरी मत मोकळं असतं, तर मागे घेण्याआधी त्याने आणि मंत्र्यांनीही दोनदा विचार केला असता.

दहावी अनुसूची बदलणं संसदेच्या हातात आहे. महाराष्ट्र विधानसभेला फार तर तशी शिफारस करणारा ठराव करता येईल. तो मांडायचा तर अशासकीय म्हणून, शुक्रवारी. आणि त्यावर मत कसं द्यायचं, याचा व्हिप दोन्हीकडचे प्रतोद आदल्या संध्याकाळी काढतील.