एका बीतून दोन रोपे

कागदी लिंबाची एकच बी पेरली आणि दोन-तीन कोंब वर आले, असे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. चुकून जास्त बिया पडल्या असतील, असे म्हणून आपण तिकडे दुर्लक्ष करतो. खरे कारण बीच्या आत आहे.

संत्र्याची ताजी बी (वाळलेली लवकर मरते) रात्रभर भिजवून तिची दोन्ही साले वर्गातच सोलून पाहावी. आत लहानमोठे हिरवट गर्भ एकमेकांना चिकटलेले आढळतात. लेवेनहूक यांनी असे दोन गर्भ १७१९ मध्येच नोंदवले होते.

यांपैकी बहुधा एकच गर्भ पराग व अंड यांच्या मीलनातून झालेला असतो. बाकीचे बीजकातील 'प्रदेह' नावाच्या ऊतीपासून, म्हणजे निव्वळ आईच्या पेशींपासून वाढतात. त्यांत पित्याचा वाटा नाही. म्हणून ही रोपे आईच्या जातीवर जातात. हापूसच्या कोयीत एकच गर्भ, तोही संकराचा. तेथे ही सोय नाही. पपनसाचेही तसेच.

मग संकरज रोप ओळखावे कसे? खात्रीची खूण नाही. रोपवाटिकेत सारख्या दिसणाऱ्या रोपांतून वेगळी, विशेषतः खुरटी, रोपे उपटून टाकतात. जंबेरीचे खुंट एकसारखे मिळतात ते यामुळेच.

आणखी एक लाभ असा, की डोळा भरताना आईचे विषाणूरोगही कलमात येतात. बीतून ते सहसा येत नाहीत. मात्र रोपाचे बालपण नव्याने सुरू होते. काटे लांब येतात आणि फळाला कलमापेक्षा काही वर्षे जास्त थांबावे लागते.