स्वभाव की बालपणाचा ताण?

‘स्वभावाला औषध नाही’ असे म्हणून भित्र्या मुलाची बोळवण करण्याची आपली जुनी रीत आहे. मेंदूविज्ञानाने मात्र तिचा फेरविचार करणे भाग पाडले आहे.

१९४८ साली रक्तरसातून वेगळे काढण्यात आलेले सेरोटोनिन हे द्रव्य मेंदूतील पेशींचा निरोप्या आहे. निरोप्या एकच, पण निरोप घेणारे ग्राही चौदा प्रकारचे! परिणाम ठरतो तो घेणाऱ्यावर. यांपैकी ‘१ए’ ग्राही नसलेले उंदीर अधिक भयग्रस्त असतात, असे १९९८ मध्ये आढळले. कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २००२ मध्ये पुढचे पाऊल टाकले. निर्भय वर्तनासाठी हा ग्राही जन्मानंतरच्या आरंभकाळात असावा लागतो. प्रौढपणी नसला तरी चालते, असे त्यांनी दाखविले.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये याला जोड दिली. आईपासून रोज काही काळ दुरावलेली पिले मोठेपणीही चिंताग्रस्त राहतात. परंतु त्याच कोवळ्या वयात ‘२’ गटाचे ग्राही औषधाने रोखले, तर ती चिंता उद्भवत नाही.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि म्हणून मुलांना गोळ्या द्याव्यात असेही नव्हे. परंतु बालवयातील भय वयाबरोबर विरून जाते, ही समजूत आता टिकणारी नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ दोन्ही निषिद्ध ठरविले आहेत. त्या कलमाचे पालन ही केवळ दया नव्हे. उद्याच्या नागरिकाच्या मनःस्वास्थ्याची ती पायाभरणी आहे.